काहिलीवरचं झाकण

हिरवा दिवा लागला तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि वृषाली मगदूमनं मनोमन देवाला हात जोडले. त्या नमस्काराची पुढं तिला फार लाज वाटली. पण त्या घटकेला तो अगदी मनापासूनचा होता.

याआधी तीन वेळा लाल दिवा लागला होता. डिसेंबरच्या वीस तारखेला मैदान दगडासारखं गोठलं. सत्तावीसला धुक्यामुळं एका गोलपोस्टवरून दुसरा दिसेना. जानेवारीच्या तीनला पुन्हा गोठलं. तिन्ही वेळा बुरूजवेस तालीम आणि पिंपळपार मंडळ यांची फुटबॉलची अंतिम लढत पुढं ढकलली गेली, आणि तिन्ही कागदांवर सही एकच होती: वृ. गो. मगदूम, हवामान अधिकारी. आज चौथी खेप. उद्यापासून थंडीची लाट आणखी खोल उतरणार होती. त्यामुळं आज सामना झाला नाही, तर चषक दोघांना मिळून द्यायचा आणि विषय मिटवायचा, असं स्पर्धा समितीनं ठरवलं होतं.

कोल्हापुरात चषक वाटून घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड. इथं लेक सासरी जाते, आडनाव बदलते, पण तालीम बदलत नाही. माहेर बुरूजवेस आणि सासर पिंपळपार असेल, तर सामन्याच्या दिवशी त्या घरात आमटीसुद्धा दोन पातेल्यांत शिजते. बुरूजवेसला चषक मिळून एकोणीस वर्षं झाली होती. त्यांचा गोलकीपर इंद्रजित मगदूम छत्तीस वर्षांचा होता, त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि हा त्याचा शेवटचा सामना होता. इंद्रजित म्हणजे वृषालीचा सख्खा धाकटा भाऊ.

मग पेठ बोलणारच. सामने थांबवणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव ‘हिमांक’. पेठेनं त्याचं बारसं ‘थंडोबा’ असं केलं, आणि वृषाली झाली थंडोबाची पुजारीण. भाजीवाली विचारायची, “काय पुजारीणबाई, देव काय म्हणतोय आज? मेथी देऊ, का पुढं ढकलू?”

वृषाली हसून पिशवी पुढं करायची. तिला लागलं ते दुसरंच. तिचे वडील गोविंदअण्णा पंचेचाळीस वर्षं तालमीच्या मारुतीपुढं शनिवारच्या कीर्तनाला पखवाज वाजवत आले होते. तिसऱ्यांदा सामना ढकलला त्या आठवड्यात बुवा आले, पेटीवाले आले, टाळकरी आले. समोरच्या सतरंजीवर मात्र एकही माणूस नव्हता. बुवांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, “सुरू करा बुवा. देव बसलाय की.” आणि दोन तास त्या रिकाम्या सतरंजीपुढं त्यांनी एक मात्रा इकडची तिकडं होऊ दिली नाही. घरी येऊन लेकीला एवढंच म्हणाले, “जागा मोकळी होती गं आज. आवाज छान घुमला.”

ती रात्रभर रडली होती.

*

आता ही थंडी कोल्हापुरात आली कुठून, ते सांगायला हवं.

उत्तर ध्रुवाभोवती, फार उंचावर, हिवाळ्यात वाऱ्याचा एक पट्टा गरगर फिरत असतो. कमरेला घट्ट बांधलेल्या शेल्यासारखा तो तिथली थंडी तिथंच आवळून धरतो. पृथ्वी तापली, ध्रुवावरचं बर्फ विरघळलं आणि हा शेला सैल पडला. त्याचे पदर लोंबू लागले. सलग पाचव्या हिवाळ्यात त्यातला एक पदर हिमालयाला वळसा घालून दख्खनवर उतरला होता. उसाच्या पानांवर पहाटे पांढरा थर धरायचा, आणि म्हातारी माणसं तो बोटानं पुसून पुन्हा पुन्हा बघायची.

त्यातच मैदानाचा घाट असा की बोलायची सोय नाही. नदीकाठचं हे नवं स्टेडियम जमीन खोदून, खोलगट बांधलेलं. वरून पाहिलं तर गुऱ्हाळावरची काहीलच. लोकांनी तेच नाव ठेवलं: काहील. थंड हवा जड असते, उतारावरून पाण्यासारखी घरंगळते आणि खोलगट जागी साचते. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. इथं उलटं व्हायचं. तळाशी गार हवेचं तळं आणि त्यावर उबदार हवेचा थर, काहिलीवर झाकण ठेवावं तसा. झाकणाखालची हवा वर जाऊ शकत नाही, वरची खाली येत नाही. वारा पडला की दोन-दोन दिवस तीच हवा तिथंच.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात गोठलेल्या मैदानावर खेळताना एका तरुण खेळाडूचं हृदय थांबलं. त्यानंतर नियम आला की हिवाळ्यात सामना होणार की नाही ते यंत्र सांगेल. हिमांकची रचना साधी होती. गवताखाली काचेच्या तंतूची बारीक केबल पुरलेली. तिच्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा. वाटेत तो कणाकणानं मागं परततो, आणि परतताना त्या त्या जागेच्या उष्णतेची खूण घेऊन येतो. अर्ध्या-अर्ध्या मीटरवरचं तापमान असं कळतं. खांबांवर वारा आणि धुकं मोजणारी उपकरणं. जमिनीचं सरासरी तापमान चार अंशांच्या वर असेल, समोरचं दिसत असेल, वारा बेताचा असेल, तर हिरवा दिवा. शेवटी माणसाची सही.

हे सगळं वृषालीनं महिन्यापूर्वी इंद्रजितला जेवताना समजावलं होतं. भाकरीवर बोट फिरवून केबलची वाट दाखवली होती. “मधे वळसे कमी घेतलेत. बुटांच्या खिळ्यांनी तुटते ना! कडेकडेनं जास्त. यंत्र जमिनीला विचारतं इंदर, आभाळाला नाही.”

इंद्रजितनं भाकरीच्या कडेकडं बराच वेळ पाहिलं होतं आणि मग कडेचाच तुकडा मोडून आमटीत बुडवला होता.

*

सामना तीन वाजता. अडीचला इंद्रजित नियंत्रण खोलीच्या जिन्यावर आला. हातमोजे चढवलेले, कानटोपी, डोळे लाल.

“आक्का, थंडोबा पावला की गं!”

“पावला खरा.” वृषाली पडद्याकडं पाहत होती. “पण इकडं बघ. मैदानाच्या मधोमध दीड अंश आणि कडेला काही ठिकाणी अकरा. सरासरी चार पूर्णांक दोन. कडेला एवढी ऊब आली कुठनं?”

“उसाचं पाचट अंथरलं हुतं की आम्ही. सकाळी उचललं. आमची माणसं राबल्यात.”

“पाचट तर मधेही होतं.”

“मग?” इंद्रजितचा आवाज एकदम चढला. “तीनदा लाल झाला, तवा तू कधी इचारलंस का, की का रं बाबा लाल? झटक्यात सही केलीस. आज हिरवा झालाय तर वकिली करतीस व्हय?”

ती काचेकडं वळली. बाहेर अठरा हजार माणसं बसली होती. कांबळी, गोधड्या, मफलर. खालची गॅलरी बुरूजवेसची. वारा लागू नये म्हणून तिला मागून, वरून, दोन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधलेल्या, मैदानाकडची बाजू तेवढी उघडी. त्या तंबूत पेठेतली सगळी कुटुंबं दाटीवाटीनं बसलेली. त्यांच्या मधोमध सर्जेराव आणि त्याचे आठ हलगीवाले, आणि त्यांच्याशेजारी गोविंदअण्णा. आज कुणीतरी त्यांना हाताला धरून जागा करून दिली होती, हे तिनं वरून पाहिलं होतं.

तिनं सही केली.

“आक्का,” इंद्रजित जाता जाता वळला, “जिंकलो तर शनिवारी सतरंजी पुरणार न्हाई बघ अण्णांना.”

*

अठराव्या मिनिटाला बुरूजवेसनं गोल केला. काहील अशी गरजली की खोलीच्या काचा थरथरल्या. हलग्यांचा कडकडाट झाला. वृषालीसुद्धा खुर्चीतून उठली आणि समितीचे सचिव मोरबाळे शेजारी आहेत हे आठवून परत बसली.

तिसाव्या मिनिटाला दार उघडलं. गोविंदअण्णा उभे होते. सत्तर पायऱ्या चढून आलेले, छातीचा भाता चालू, ओठांचा रंग उतरलेला.

“अण्णा! अहो, कशाला चढलात? बसा आधी.”

“बसत न्हाई. आईक.” त्यांनी खिडकीची काच सरकवली. खालून हलगीचा आवाज आत आला. “आईकतीस?”

“वाजतेय की हलगी.”

“वाजतीया. पण लय मागं पडत चाललीया.”

मोरबाळे हसले. “थंडी आहे अण्णा. बोटं आखडली असतील पोरांची.”

“आखडलेल्या बोटाला ठोका हलका पडतो साहेब, लय सुटत न्हाई. दमलेला वाजवणारा तर पळतो; त्याला लवकर संपवायचं असतं. हे निराळं हाय.” अण्णांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला. “ह्यो सर्जेरावचा ठेका गोल झाला तवाचा. आणि आता खालचा आईक. ठोक्यामागनं ठोका रेंगाळतोय. आणि त्याला सोताला ते कळत न्हाई. मी त्याला खुणावलं, तो माझ्याकडं बघून नुसता हसला.”

“अण्णा, दिवा हिरवा आहे,” वृषाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच पोकळ वाटला.

“तुझ्या जन्माआधीची गोष्ट सांगतो. घाटाखाली एका मठात कीर्तन. थंडी म्हणून दारं लावून घेतली, चार शेगड्या पेटवल्या. उत्तररंग रंगात आला आणि माझ्या डाव्या हाताचा टाळकरी असाच मागं पडायला लागला. मला वाटलं, पेंगला. बुवा चिडले. अभंग संपायच्या आत तो टाळासकट आडवा झाला. दारं उघडली म्हणून बाकीचे वाचलो. धूर न्हवता, वास न्हवता. नुसती लय गेली हुती आधी.” ते थांबले, श्वास घेतला. “ती लय मी चाळीस वर्सं ईसरलेलो न्हाई, वृषा. आज तीच हाय.”

वृषालीनं पडद्याकडं पाहिलं. कडेचा लाल-नारिंगी पट्टा. तो सगळ्या कडेनं सारखा नव्हता. खालच्या गॅलरीसमोर तो सगळ्यात रुंद आणि सगळ्यात तापलेला होता. त्या गॅलरीच्या पहिल्या पायऱ्यांखालून पावसाचं पाणी वाहून नेणारा चर जातो. वर लोखंडी जाळी.

भाकरीची कड.

केबल कडेनं जास्त आहे हे इंद्रजितला तिनंच सांगितलं होतं, आणि ऊब त्या चरातून येत होती. गुऱ्हाळाची माणसं निखारा कसा टिकवतात हे इथल्या कुणालाही माहीत असतं: घमेल्यात घ्यायचा आणि राखेखाली झाकायचा. ज्वाळा नाही, धूर नाही. दहा-दहा तास तो आतल्या आत धुमसत राहतो. आणि हवा पुरेशी न मिळता धुमसणाऱ्या कोळशातून निघतो कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो पदार्थ श्वासातला प्राणवायू अंगभर पोहोचवतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग ती मोडत नाही. मोकळ्या मैदानात त्याची भीती नसते, वारा त्याला उधळून लावतो. पण इथं वारा नव्हता. वर उबदार हवेचं झाकण, आणि त्या झाकणाखाली माणसांनी प्रेमानं बांधलेलं ताडपत्र्यांचं दुसरं झाकण.

हिमांक थंडी मोजत होता. हा वायू मोजायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“सामना थांबवा,” ती म्हणाली.

“मॅडम, दिवा हिरवा आहे,” मोरबाळे उठले. “हिरव्यात थांबवायचं कलमच नाही. लोक खोली जाळतील.”

“मग कलमाशिवाय थांबवते. रुग्णवाहिका बोलवा, मिळतील तेवढ्या. भोंग्यावर मात्र वायूचं नाव काढू नका.”

कारण अठरा हजार माणसं, वर जाणारे चारच जिने, आणि खालच्या लोकांना बाहेर पडायचं तर आधी वरचे हलायला हवेत. ‘विषारी वायू’ एवढं ऐकलं की वायूच्या आधी जिनेच माणसं मारतील.

ती धावत खाली गेली.

*

गोलपोस्टच्या मागं जाळीला हात लावून ती ओरडली, “इंदर! घमेली किती?”

त्यानं मान वळवली नाही. “आक्का, खेळ चालू हाय.”

“चरात घमेली किती ठेवलीत?”

“...दोनशे. पहाटे ठेवली. पाया पडतो, अर्धा तास राहिलाय पहिला हाफ संपायला–”

“पाच मिनिटं राहिलीत.”

तो गोंधळला. फळ्यावरच्या घड्याळाकडं त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. किती वाजले ते त्याला कळत नव्हतं.

“डोकं दुखतंय?”

“सकाळपासनं. थंडीनं.”

“थंडीनं नाही. चरात वाकून निखारे मांडलेस त्यानं. तुझं सकाळपासून दुखतंय, त्यांचं काय झालं असेल? मागं बघ इंदर. एकदा मागं बघ.”

त्यानं पाहिलं. खालच्या गॅलरीत आता कुणी ओरडत नव्हतं. एक-शून्यनं पुढं असलेली बुरूजवेस पेठ गप्प बसली होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर टेकली होती. एक बाई मांडीवरच्या लेकराला हलवत होती आणि हलवता हलवता तिचाच हात थांबला. सर्जेरावची हलगी गुडघ्यावर आडवी पडली होती, आणि त्याची काडी हवेत उगाच वर-खाली होत होती.

त्याच क्षणी पिंपळपारच्या स्ट्रायकरनं लांबून चेंडू हाणला. इंद्रजितनं तो अंगावर घेतला, पोटाशी धरला. पेठेची एकोणीस वर्षं त्या चेंडूत होती. सगळे तो पुढं मारायची वाट पाहत होते.

तो चेंडू घेऊन चालायला लागला. चौकटीबाहेर आला. पंचांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. पिंपळपारचे खेळाडू हात वर करून ओरडत होते. इंद्रजित मैदानाची कड ओलांडून गेला, चेंडू खाली ठेवला आणि खालच्या गॅलरीची पहिली ताडपत्री दोन्ही हातांनी ओढून फाडली.

“काय करायलास रं खुळ्या!” त्याच्याच कप्तानानं त्याला धरलं.

“खाली निखारे हायत. माझेच. लोकं मरायल्यात. फाड!”

पिंपळपारचा स्ट्रायकर जवळच होता. त्यानं एकदा इंद्रजितकडं पाहिलं, एकदा मांडीवरच्या लेकराकडं. त्यानं काही विचारलं नाही. दुसरी ताडपत्री त्यानं फाडली.

*

वर मात्र काहील उकळू लागली होती. बाटल्या मैदानात पडू लागल्या. “पैसे खाल्ले!” “गोलकीपर फोडला!” आणि मग भोंग्यातून आवाज आला.

टक. टक. टक. टक.

नियंत्रण खोलीच्या पत्र्याच्या टेबलावर गोविंदअण्णांचा उजवा हात पडत होता. माइक टेबलाला टेकवलेला. बराच वेळ नुसता ठेका. ओरडणाऱ्या माणसालाही मधे श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेताना ठेका कानात शिरतो.

“मंडळी, मी गोविंद मगदूम. मारुतीपुढचा पखवाजवाला. सामना थांबलाय, संपलेला न्हाई. खालच्या गॅलरीत हवा बिघडलीया. त्यास्नी बाहेर काढायचंय, आणि वाट तुमच्यातनं हाय.”

“अण्णा, एक-शून्य हाय! आत्ताच आरती व्हय?” वरून कुणीतरी बोंबललं, ते नियंत्रण खोलीपर्यंत ऐकू आलं.

“तो गोल कुणी घरी नेत न्हाई रं. तू पाऊल उचल. कीर्तनातनं कसं उठतो आपण? पळतं का कोण? पळणाऱ्याला प्रसाद मिळत न्हाई. सगळ्यात वरची ओळ, उभी राहा. माझ्या एका ठोक्याला एक पायरी. तोंडानं नाव घ्या, ज्याचं जे असंल ते. तोंड मोकळं ठेवू नका. मोकळं तोंड घाबरतं.”

टक. पहिली ओळ उठली. टक. एक पायरी. कुणीतरी “रामकृष्णहरी” म्हटलं, ते दहाजणांनी उचललं, मग शंभरांनी. दुसऱ्या बाजूला मोमीन गल्लीतली माणसं आपल्या पद्धतीनं नाव घेत त्याच ठोक्यावर चढत होती. पिंपळपारच्या वरच्या हलगीवाल्यांनी ठेका ओळखला आणि अण्णांच्या टेबलाला साथ दिली. चार जिन्यांवरून माणसं अशी सरकू लागली की जणू काहिलीतला रस कुणी संथ हातानं उपसतोय.

वृषाली खालच्या गॅलरीत होती. उचल, खांद्यावर घे, दे वरच्या हातात. खेळाडू, पंच, पोलीस, सगळे ओळीनं. तिच्या कानशिलांत घण पडत होते. एकदा तिला वाटलं, ठेका हळू होतोय. ती जागच्या जागी थिजली. वर पाहिलं. ठेका खरंच हळू झाला होता, पण चारही जिन्यांवर सारखाच. कारण आता म्हाताऱ्या बायकांची ओळ चढत होती. अण्णा काचेतून बघत होते आणि पावलाला लय देत होते.

सर्जेराव शेवटी निघाला. त्याला इंद्रजितनं पाठीवर घेतलं. शस्त्रक्रियेच्या गुडघ्यानं तो सत्तर पायऱ्या चढला, आणि पूर्ण वेळ पाठीवरच्या माणसाच्या कानाशी ठेका पुटपुटत होता. सर्जेराव काही उचलत नव्हता.

अण्णांचा हात थांबला तेव्हा काहील रिकामी होती. दोन बोटांची कातडी सोलवटून टेबलावर रक्त लागलं होतं.

*

एकसष्ट माणसं इस्पितळात गेली. त्या मांडीवरच्या लेकरासकट साठ जण दोन दिवसांत घरी आले. सर्जेराव प्राणवायूच्या नळीवर डोळे मिटून पडला होता. इंद्रजित त्या दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. पेठेतल्या कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी चहाही विचारला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली. म्हणाली, “ते पलंगाच्या दांडीवर बोटं आपटतायत. आवाज करू नका म्हणून सांगा जरा त्यांना.”

इंद्रजितनं गुडघ्यांत तोंड खुपसलं.

समितीपुढं त्यानं सगळं सांगितलं. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. छत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे कायमचीच. वृषालीनंही आपल्या अहवालात लिहिलं की कडेचा पट्टा मी पाहिला होता, मला हिरवा हवा होता म्हणून मी विचारलं नाही, सही माझी आहे. तिच्या बढतीचा कागद त्या वर्षी मागं पडला. सामना का थांबवला याचा अर्ज यंत्रात भरायचा होता. कारणांची यादी होती: गोठलेली जमीन, धुकं, वारा. तिनं ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं: लय ढळली. यंत्रानं तीन वेळा ते अमान्य केलं. चौथ्यांदा मुख्य कार्यालयातून एका माणसाचा फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वायूचं उपकरण बसवतो आम्ही. पण हे दुसरं कसं मोजायचं हो?”

“माहीत नाही,” वृषाली म्हणाली.

चषक वाटून घ्यायला दोन्ही तालमींनी नकार दिला. थंडीचा पदर सरकेपर्यंत थांबू म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी हिरवा दिवा लागला. मध्ये नऊ अंश, कडेला नऊ अंश. वायू शून्य. ताडपत्री एकही नाही. बुरूजवेसच्या गोलमध्ये वीस वर्षांचा नवा कीपर उभा होता, आणि इंद्रजितचे हातमोजे त्याच्या हातांना थोडे मोठे होत होते.

मोरबाळेंनी पेन पुढं केलं. वृषालीनं ते घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. तिनं फोन उचलला. खालच्या गॅलरीत, सर्जेराव आणि हलगीवाल्यांच्या मधे बसलेल्या म्हाताऱ्यानं आपला फोन कानाला लावला. त्याच्या पलीकडं इंद्रजित बसला होता, गळ्यात उसनी हलगी.

“अण्णा, दिवा हिरवा आहे. लय?”

पलीकडून बराच वेळ नुसता हलग्यांचा आवाज येत राहिला. तीन वाजायला चार मिनिटं होती. मोरबाळे घड्याळाकडं बघत होते.

“इंद्या एकटाच पुढं पळतोय,” अण्णा म्हणाले. “बाकी सगळं जाग्यावर हाय. कर सही.”